मगनच्या नावावर

मानमोडीच्या साथीत ताईबाईचा मगन गेला, तेव्हा ताईबाई शुद्धीवर नव्हती. तिलाही तोच ताप चढला होता. सासू बाजेला खिळलेली, नवरा समुद्रापार. घरात धडधाकट अशी एकटी धाकटी जाऊ, झुंबरबाई. तिनंच पोराला आंघोळ घातली, आणि दीर उखर्डूनं शेजारच्या दोघांना हाताशी धरून त्याला नदीवर नेलं. त्या दिवसांत एक चिता विझायच्या आत गावातून दुसरी तिरडी निघत होती. कोण कोणासाठी रडणार? ताईबाई भिंतीला धरून उठली तेव्हा दिवाळीही होऊन गेली होती. तिनं मगनला हाक मारली. झुंबरबाई चुलीपुढून उठली आणि तिच्याजवळ येऊन बसली. तेवढ्यावरून ताईबाईला कळलं.

तिचा नवरा धनसिंग आफ्रिकेत होता. नरडाण्यावरून तापीकाठच्या गाडीत बसलं की माणूस सुरतेला उतरतो, आणि सुरतेकडच्या गुजरांशी या घराचं जुनं नातं. त्या नात्यातल्या एका व्यापाऱ्याबरोबर धनसिंग तरुणपणी जहाजात चढला होता. ट्रान्सवालला सोन्याच्या खाणी होत्या, तिथं तो आधी हातगाडीवर भाजी विकायचा, मग खाणीच्या गावात त्यानं छोटं दुकान टाकलं. मध्ये एकदा घरी आला, पण जास्त राहिला नाही. तिथल्या सरकारचा कायदाच तसा होता. बाहेर गेलेला माणूस तीन वर्षांत परतला नाही, तर त्याला दार बंद. नवीन माणसाला तर ते उघडतच नव्हतं. फक्त आत असलेल्याची लग्नाची बायको आणि सोळा वर्षांच्या आतली लेकरं, एवढ्यांनाच वाट होती. धनसिंगच्या कागदावर बायको ताईबाई आणि मुलगा मगन, अशी दोन नावं कधीच लिहून झाली होती.

मुलगा गेल्याचं त्याला कळवलं. त्याचं उत्तर यायला उन्हाळा उजाडला. वाचता येणारे गावात मोजकेच, म्हणून पत्र पोलीस पाटील कौतिकभाऊंनी वाचलं. अर्धं पत्र रडण्यानं भरलेलं होतं. पुढचं अर्धं पाटलांनी आधी मनात वाचलं, उखर्डूला दार लोटून घ्यायला सांगितलं, आणि मग हलक्या आवाजात वाचलं. धनसिंगनं लिहिलं होतं, की मगनचं नाव इथं सरकारात जिवंत आहे. उखर्डूचा पुना त्याच्याच वयाचा. सोळा भरायच्या आत त्याला मगन म्हणून पाठवा. पोराचं कल्याण होईल, आपल्या घराचंही होईल.

ताईबाईला राग यायला हवा होता. पण तिच्या मनात भलतंच आलं. कोणीतरी मगन म्हणून हाक मारील आणि कोणीतरी ओ देईल. तिला ते बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं याचीच मग लाज वाटली, आणि ती खाली बघत बसली.

उखर्डू पटकन तयार झाला. त्याची शेती कोरडवाहू, पाऊस आला तर आला. झुंबरबाई मात्र ऐकेना. पाटलांच्या जन्ममृत्यूच्या चोपडीत या घरातलं एक पोर गेल्याची खूण होती, नाव लिहायचं राहून गेलं होतं. मगन जिवंत ठेवायचा तर तिथं पुनाचं नाव घालावं लागणार होतं, आणि ते नाव सांगणारी म्हणून झुंबरबाईचाच अंगठा हवा होता.

"जित्ता पोर्‍याले मेला म्हनी लिखतस?" ती पाटलांवर ओरडली. "हात झडतीन तुमना!"

आळीतल्या बायांनी तिची समजूत घातली. "मेल्यानी बातमी उठनी म्हंजे आयुष्य वाढस, वं." उखर्डू आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. शेवटी ती पाटलांच्या ओट्यावर गेली, तोंड दुसरीकडे करून तिनं अंगठा पुढे केला, आणि घरी येऊन ते बोट राखेनं घासत बसली.

त्या पावसाळ्यात पुना ताईबाईच्या घरी जेवला आणि तिथंच झोपला. आजवर तो तिला 'मोठी माय' म्हणायचा. आता नुसतं 'माय' म्हणायची सवय करायची होती, आणि आपल्या आईला 'काकू'. पोर गुणी होतं. पण एकदा अंगणात पाय घसरून पडला तेव्हा त्याच्या तोंडून खरी हाक निघाली. झुंबरबाई हातातलं टाकून धावली. उखर्डूनं मध्येच तिला थांबवलं आणि पोराच्या थोबाडीत मारली. गावाला सगळं माहीत होतं, पण गाव गप्प बसलं. कोणाचं तरी बरं होतंय, आपल्या बापाचं काय जातंय, असं म्हणून बसलं.

दसऱ्यानंतर धुळ्याच्या कचेरीत बोलावणं आलं. आफ्रिकेच्या सरकारला नातं खरं असल्याचा दाखला हवा होता, आणि तो इथल्या मॅजिस्ट्रेटनं चौकशी करून द्यायचा होता. ताईबाई, पुना आणि पाटील बैलगाडीनं गेले. साहेब देशी होते, थकलेले, पण बोलायला मऊ. त्यांनी पुनाला नाव विचारलं. त्यानं न अडखळता "मगन धनसिंग" सांगितलं. पाटलांनी साक्ष दिली. मग साहेब ताईबाईकडे वळले.

"बाई, हा तुमच्या पोटचा मुलगा?"

"हा. मनाच पोर्‍या शे."

"आणखी मुलं?"

"नही."

साहेबांनी लिहिता लिहिता, सगळ्यांना विचारत असतील तसंच, विचारलं, "एखादं झालं आणि गेलं, असं?"

हा प्रश्न कोणी पढवलेला नव्हता. ताईबाईनं पाटलांकडे पाहिलं. पाटील छताकडे बघत होते. पुनानं मात्र तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पोराच्या डोळ्यांत तिला भीती दिसली. मगनला आठवून ही मोठी माय आता रडेल आणि आपण सगळे पकडले जाऊ, अशी ती भीती होती.

"नही," ताईबाई म्हणाली. "मनं कोनी गयं नही."

साहेबांनी मान हलवली आणि सही केली. परत येताना पाटलांनी बाजारातून गोडीशेव घेतली. ताईबाईनं ती खाल्लीही. घरी येईपर्यंत तिला ते काही वाटलं नाही. रात्र उलटून सकाळी शेण काढायला वाकली, तेव्हा ती तशीच गोठ्यात बसली. आपण आपल्या लेकराला मारलं नव्हतं, ते तापानं गेलं होतं. पण तो झालाच नव्हता असं करून आपण आलो. आता त्याचं वर्षश्राद्ध घालता यायचं नव्हतं. कागदावर जिवंत असलेल्या पोराला पान कसं वाढायचं? कोणी बघितलं आणि कुठं बोललं तर?

पुना गेला. नरडाण्याच्या स्टेशनवर सुरतेचे लोक त्याला न्यायला आले होते, म्हणून पोचवायला ताईबाई गेली. झुंबरबाईला रडू आवरणार नाही म्हणून तिला घरी ठेवलं. पोरानं ताईबाईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि "येतो माय" म्हणून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

वर्षभरात पैसे यायला लागले. मनीऑर्डर ताईबाईच्या नावानं यायची, कारण ती नवऱ्याची बायको आणि मुलाची आई. झुंबरबाईच्या नावानं तिकडून काही पाठवायची सोय नव्हती. मगन नावाचा मुलगा काकूला पैसे कशाला पाठवील? तिकडं खोट्या नावाची माणसं हुडकत असत, आणि पत्रांच्या पत्त्यांवरून, चुगल्यांवरून कोणी कोणी सापडलंही होतं. म्हणून धनसिंग लिहायचा, निम्मे धाकटीला द्या. ताईबाई द्यायची. पोस्टमन वळला की पदराखाली घेऊन मागच्या दारानं जायची. दोघी जावा थोडा वेळ बसायच्या, पोराचं बोलायच्या.

मग धनसिंग छातीच्या आजारानं तिकडेच वारला. पुनानं मुलगा म्हणून त्याला अग्नी दिला, आणि दुकानही मुलगा म्हणून त्याच्याच नावावर झालं. आता पैसे एकटा तोच पाठवायचा. आधीपेक्षा जास्तच पाठवायचा. खोट्या नावावरच्या माणसाला तिथं काही साठवून ठेवायची भीती. कधी धरतील आणि जहाजात घालतील याचा नेम नाही, म्हणून जे मिळेल ते घराकडे. घरी यायचंही धाडस नव्हतं, कारण परत जाताना बंदरावर पुन्हा सगळी उलटतपासणी. त्यामुळे पोरगा यायचा नाही, नुसते त्याचे पैसे यायचे.

पैसे वाढले आणि ताईबाई बदलली. ते एका दिवसात झालं नाही. आधी सासू वारली, तिच्या दिवसांना गावजेवण घातलं. "यंदा हात आखडता घ्यावा लागनार, झुंबर," ती म्हणाली, आणि झुंबरबाईनं मान डोलावली. मग घरावरचं धाबं गळायला लागलं. मग विहीर. विहिरीला पाणी लागल्यावर शेजारचा मळा विकायला निघाला, तो ताईबाईनं घेतला. निम्म्याचे चतकोर झाले. पुढं पुढं ती झुंबरबाईला कमी आले म्हणून सांगायला लागली. स्वतःशी म्हणायची, मी विधवा, मला पुढं कोण? शिवाय मगनचंच नाव विकून आलेले पैसे आहेत. हे दुसरं तिला इतकं पटायचं, की भाकरी थापता थापता ती पुटपुटायची.

ती बाजारात गेली की लोक सरकून जागा द्यायचे. 'आफ्रिकावाली' म्हणायचे. बाहेरगावचे लोक विचारायचे, मुलगा काय म्हणतो? ती सांगायची, मजेत आहे. हे सांगताना सुरुवातीला ती नजर चुकवायची. मग चुकवेनाशी झाली.

उखर्डूच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा झुंबरबाई भर दुपारी पुढच्या दारानं आली. आजवर ती या कामासाठी कधी आली नव्हती. ओट्यावर शेंगा फोडत दोन बाया बसल्या होत्या.

"अक्का, मना पोर्‍यानी कमाई शे ती," ती उभ्यानंच म्हणाली. "माले भीक नको. मना वाटा द्या."

बाया ऐकत होत्या. आतमध्ये गुपचूप म्हणाली असती तर ताईबाईनं दिलेही असते, पण चारचौघांत चोर ठरल्यासारखं झालं, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं आधी कधी मनातही आणलं नव्हतं.

"तुना पोर्‍या? कोनता पोर्‍या?" ती म्हणाली. "तुना पुना तं मानमोडीमा गया. पाटीलना चोपडामा लिखेल शे. तुनाच अंगठा शे त्यावर. जाय, कचेरीमा जाईसन सांग!"

शेंगा फोडणं थांबलं. कचेरीत जाऊन सांगायचं तर पोर तुरुंगात किंवा जहाजात, हे झुंबरबाईलाही कळत होतं आणि ताईबाईलाही. सरकारनं केलेला कायदा ताईबाईनं काठीसारखा उचलून जावेच्या डोक्यात घातला होता. झुंबरबाई वळली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि गेली. बायाही काम आठवल्यासारखं करून उठल्या. लग्न साधेपणानं झालं. ताईबाईला बोलावणं होतं, उखर्डू स्वतः अक्षता घेऊन आला होता, पण ती गेली नाही. अंगात कसर आहे म्हणून निरोप पाठवला.

त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं संपलं. भिंतीला भिंत लागून घरं. पलीकडे झुंबरबाई खोकली तरी अलीकडे ऐकू यायचं. ताईबाई पैसे आले की थोडे काढून उखर्डूच्या हातात द्यायची, तो न बघता खिशात घालायचा. तिला वाटायचं, तो काहीतरी बोलेल, शिवी देईल. तो म्हणायचा, "बरं शे, वहिनी," आणि जायचा. ते तिला शिवीहून जास्त लागायचं.

अशी काही वर्षं गेली. मग एका फाल्गुनात साक्रीकडचा लोटन घरी आला. तो ट्रान्सवालला पुनाच्याच दुकानात कामाला होता, सुटीवर आला होता. कोट, डोक्यावर गोल टोपी, हातात पुनानं दिलेली साखरेची पुडी. ताईबाईनं घोंगडी टाकली. चहा झाला. लोटन टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "अक्का, एक गोट शे. नीट आयका. पुनानी सांगी टाकं."

ताईबाईला आधी कळलंच नाही. आफ्रिकेहून आलेल्या माणसाच्या तोंडून पुना हे नाव आजवर कधी आलं नव्हतं.

"काय सांगं?"

"त्यानं नाव. तठला सरकारनी नवा कायदा काढा. जो खोटा नाववर ऊना व्हई, त्यानी सवता जाईसन सांगानं. मंग त्याले काढतस नही, माफी भेटस. बराच लोके अजून बी भ्यातस, फसाडतीन म्हनी. पुना गया आणि सांगी ऊना. आते त्याले कागद भेटना. पुना उखर्डू, आशा कागद."

"मंग काही भ्याव नही आते?"

"त्याले नही. पन एक अट शे. जो माफी मांगी, त्याले बायको-पोरे तठे कधीच लई जाता येवाव नही. गप बसता तं मगन म्हनीसन बायको लई जाता येती. मी सांगं त्याले, येडा, गप बस. त्यानी आयकं नही."

ताईबाई ऐकत होती. आणि ऐकता ऐकता तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता मनीऑर्डर झुंबरबाईला जाणार. मळ्यातली मजुरी, दारातला बैल, बाजारातली ती जागा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. लोटनही तेच सांगत होता. पुना आता तिथं दुकान वाढवणार होता, त्यामुळे आधीइतके पैसे घराकडे येणार नव्हते. पोटापुरते मोठ्या मायला वेगळे पाठवीन असं तो म्हणाला होता.

ती नुसती "हं, हं" करत होती.

"आखो एक इचारं शे त्यानी," लोटन जरा थांबून म्हणाला. "तठला साहेबनी त्याले इचारं, मंग खरा मगन कोठे शे? पुनानी सांगं, मरेल शे. साहेब म्हने, कव्हय? पुनाले सांगता उनं नही. नुसतं साल सांगं. ते चालनं. पन त्यानं मन खाई ऱ्हायनं. तो म्हने, त्याना नाववर मी इतला वरीस खादं, आते त्याना नावना घास टाकसु. म्हनी तिथी इचारेल शे. कोनती तिथी, अक्का?"

ताईबाईला ती तिथी माहीत नव्हती.

ती तापात होती, हे खरं. पण उठल्यावर तिनं विचारलं असतं तर कोणी सांगितलं नसतं का? तिनं विचारलंच नव्हतं. आधी विचारायचा धीर नव्हता, मग विचारायची गरज नव्हती, कारण मगन जिवंत होता, मगन पैसे पाठवत होता. समुद्रापलीकडच्या कोणा गोऱ्या साहेबानं तिच्या लेकराच्या मरणाचा दिवस विचारला, आणि ती आई इथं साखरेची पुडी मांडीवर घेऊन बसली होती. आणि मघाशी तिला पहिलं आठवलं होतं ते काय, तर मजुरी आणि बैल.

"बसा," ती लोटनला म्हणाली. "येस मी."

ती पुढच्या दारानं बाहेर पडली. दोन घरांच्या मध्ये अंगणाचा तुकडा होता. दुपारची वेळ, आळीत माणसं होती, आणि प्रत्येकजण आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटलं. झुंबरबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं मान वर केली, पण उठली नाही. लोटननं तिला आधीच सगळं सांगितलं असावं, कारण डोळे रडून सुजलेले होते आणि तोंड मात्र निवांत होतं.

"झुंबर," ताईबाई म्हणाली. "मगननी तिथी..."

झुंबरबाईनं हातातली मिरची खाली ठेवली.

"कोजागिरीनंतरनी तीज," ती म्हणाली. "दिन उगता उगता."

ताईबाई तिथंच खाली बसली.

"पानी मांगं त्यानी. मी दिधं," झुंबरबाई मिरच्यांकडे बघत सांगत होती, आवाज कोरडा. "मंग इचारे, माय कोठे शे. तुमी बाजूनीच खाटवर, पन तुमले शुद्ध नव्हती. मी सांगं, येस तुनी माय, आते येस. त्याले खरं वाटनं. दर साल त्या तीजले मी कावळाले घास टाकस. मना पोर्‍या त्याना नाववर जगना ना."

"मी तुले ते बोलनी ना, त्या दिन..." ताईबाई म्हणू लागली.

"नको," झुंबरबाई म्हणाली. "ते नको काढू. काढशी तं माले बी बोलनं पडी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती ताईबाईशी एकेरीत बोलली होती. ताईबाई उठली, घरी आली, लोटनला तिथी सांगितली. त्यानं ती दोनदा घोकली आणि गेला. मग ताईबाईनं दार लावून घेतलं आणि मगनसाठी रडली. मानमोडीनंतर एवढ्या वर्षांनी ती त्याच्यासाठी नीट रडत होती. पण ते रडणंही तिला पुरतं खरं वाटेना. यातलं मगनसाठी किती आणि मळ्यासाठी किती, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी पुना स्वतः आला. आता बंदरावर त्याला कशाची भीती नव्हती. उंच झाला होता, मिशी होती, बोलताना मध्येच सुरती शब्द यायचे. तो आधी आपल्या घरी गेला, मग ताईबाईकडे आला आणि वाकून म्हणाला, "मोठी माय, कशी शे?"

ते 'मोठी' ऐकून ताईबाईला वाटलं, कोणीतरी खांद्यावरचं ओझं उचलून नेलं आणि त्याबरोबर खांदाही नेला. ती त्याला भाकरी वाढत म्हणाली, "बायको लई जाता येवाव नही, तरी काबर सांगं, भाऊ?"

पुनानं घास खाली ठेवला. "तठे कोनी मगन करी हाक मारे, तं माले आधी मांगे दखासारखं व्हये," तो म्हणाला. "वाटे, तो उभा शे."

त्याला ओट्यावरचं ते बोलणं माहीत होतं का? ताईबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखायचा प्रयत्न केला. झुंबरबाईनं सांगितलं नसावं. पण गावात सांगणारे कमी नव्हते. तो जेवला, हात धुतले, मळ्यातल्या विहिरीला पाणी किती असतं ते विचारलं. त्यानं मळा पाहून आल्याचं सांगितलं, "चांगला शे" म्हणाला, आणि ताईबाईचे कान तापले.

चार दिवसांनी तिनं कौतिक पाटलांना आणि उखर्डूला बोलावून सांगितलं, मळा झुंबरबाईच्या नावावर करून द्या. आपल्याला हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. झुंबरबाईनं मळा घेतला. नाही म्हणाली नाही, आभारही मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन तिथं गवत कापायला गेली, जसं काही ते शेत कायमच तिचं होतं. ताईबाईला मात्र त्यानंतरही त्या बांधावरून जाताना पदर पुढे ओढून घ्यावासा वाटायचा.

पुनाचं लग्न झालं. मुलगी पिंपळनेरकडची, कुंदाबाई, शांत, हसतमुख. पुना तिच्याबरोबर वर्षभर राहिला. मग तीन वर्षं भरायच्या आत परत जायला हवं, दुकान लोकांच्या हाती टाकून फार दिवस चालणार नाही, म्हणून निघाला. या वेळी स्टेशनवर झुंबरबाई गेली. गाडी हलली तेव्हा ती मोकळ्या गळ्यानं रडली, आणि कोणी तिला गप्प केलं नाही. ताईबाई गेली नव्हती, तिला हे उखर्डूनं सांगितलं.

कुंदाबाईला दर महिन्याला पैसे यायला लागले. नवरा यायचा नाही. तीन-चार वर्षांतून एकदा आला तर येईल, म्हातारा होईपर्यंत असंच. आळीतल्या पोरी तिला चिडवायच्या, आफ्रिकावाली म्हणायच्या. एके दिवशी दुपारी ती ताकाचं भांडं घेऊन ताईबाईकडे आली. झुंबरबाईनं पाठवलं नव्हतं, आपणच आली होती. भांडं ठेवून उंबऱ्याजवळ बसली.

"मोठी माय," ती नखानं जमीन टोकरत म्हणाली, "तुमना बी मालक तठेच व्हतात ना इतला वरीस. तुमी कशा दिन काढ्यात? माले सांगा ना."

ताईबाईनं ताकाचं भांडं उचलून आत नेलं. विचारलं तर पोरीनं चांगल्या मनानं होतं. या सगळ्या गावात हे विचारायला तीच एक म्हातारी आहे, असं त्या पोरीला वाटलं होतं.

रिकामं भांडं धुऊन तिनं बाहेर आणलं आणि पोरीच्या हातात दिलं.

"माले नको इचारू, बेटा," ती म्हणाली. "तुनी सासूले इचार. ती सांगी."